रोटरी इंजिनाच्या विमानात पेट्रोल कोणतं आणि ऑइल किती?

तुमचा प्रश्न असा: टेक्सासमध्ये किटपासून आरव्ही-७ हे छोटं विमान बांधताय, त्यात माझदा आरएक्स-८ या कारचं १३बी रोटरी इंजिन बसवणार आहात. पेट्रोल पंपावरचं भरायचं की विमानतळावरचं शिसं असलेलं १००एलएल? आणि इंजिनात मोजून ऑइल सोडणारा मूळ ऑइल मीटरिंग पंप ठेवायचा, की तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं?

आधी उत्तर देतो. इथेनॉल नसलेलं पेट्रोल खात्रीनं मिळत असेल तर ते वापरा, नाहीतर १००एलएल. मीटरिंग पंप बंद करा आणि लिटरमागे ८ मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल पेट्रोलमध्ये मिसळा. आता कारणं. एका मित्राच्या १३बी बसवलेल्या विमानाची इंधन आणि ऑइलची जोडणी आम्ही दोघांनी मिळून केली, त्यामुळे या विषयावर माझी मतं ठाम आहेत.

पिस्टन इंजिनात पेट्रोल आणि ऑइल हे दोन वेगळे विषय असतात. रोटरीत ते वेगळे करताच येत नाहीत. तिच्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सीलं, हाउसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) आतल्या पृष्ठभागावर सतत घासत असतात आणि तिथे खालून ऑइल पोचत नाही. रोटरच्या बाजूंना ऑइलच्या रिंगा असतात, त्या ऑइल आतच अडवतात. म्हणून सीलांना मिळणारं वंगण ज्वलनकक्षातच सोडावं लागतं, आणि ते तिथे जळतं. या इंजिनानं ऑइल खाणं हा दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. साठच्या दशकात माझदाच्या इंजिनिअरांनी या सीलांपायी फार सोसलं. सीलं थरथरायची आणि हाउसिंगवर ओरखड्यांच्या लाटा उठायच्या. त्या खुणांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट कारमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सीलं घालून त्यांनी त्यावर मात केली.

पहिल्या महायुद्धातल्या नोम आणि ल रोन इंजिनांनाही रोटरी म्हणतात, पण ती जात वेगळी. त्यांच्यात शाफ्ट स्थिर आणि सिलिंडरच गरगर फिरायचे. तिथेही पेट्रोल आणि ऑइल असेच एकमेकांत गुंतलेले होते. मिश्रण क्रँककेसमधून जायचं, त्यामुळे खनिज तेल पेट्रोलनं पातळ होऊन धुऊन गेलं असतं. पेट्रोलमध्ये न विरघळणारं एरंडेल वापरलं, आणि ते सगळं एक्झॉस्टमधून बाहेर जायचं. वैमानिक तासन् तास ते श्वासातून घेत. त्याचा पोटावर काय परिणाम होत असेल ते मराठी घरात सांगायला नको. न्यूझीलंडमध्ये जुन्या विमानांच्या प्रतिकृतींसाठी नोम इंजिनं आजही नव्यानं बनतात.

आता तुमचं १३बी. कारमध्ये मीटरिंग पंप खालच्या पॅनमधलंच ऑइल उचलून कक्षात सोडतो. अडचण इथेच आहे. पॅनमधलं ऑइल जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्यात झीज रोखणारी आणि मळ धुणारी जी रसायनं असतात, त्यांत जस्त आणि कॅल्शियम असतं, आणि ते जळालं की राख उरते. ती सीलांच्या खाचांत, प्लगांवर बसते. टू-स्ट्रोक ऑइल मात्र जळण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यात टीसी-डब्ल्यू३ हा बोटींच्या पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचा प्रकार राख न उरवणारा आहे, मी तोच घेतो. गॅलनला एक औंस, म्हणजे साधारण १२८ ला १, हे प्रमाण रोटरीवाल्या विमानबांधणाऱ्यांमध्ये रुळलेलं आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आरएक्स-८ चा मीटरिंग पंप किती ऑइल सोडणार ते विजेवर ठरतं आणि त्याला हुकूम देतो कारचा मूळ कंप्युटर. विमानात तुम्ही तो कंप्युटर काढून दुसरा इंजेक्शन कंट्रोलर लावणार असाल, तर पंप जागेवर असूनही पुरेसं ऑइल देईल याचा भरवसा नाही. तो नुसता बोल्ट केलेला दिसतो म्हणून वंगण मिळतंय असं समजू नका. जुन्या आरएक्स-७ मध्ये पंप पूर्ण यांत्रिक होता, ऑइलचं प्रमाण थ्रॉटलच्या कांडीनं ठरायचं. तिथे अडॅप्टर लावून त्याला वेगळ्या छोट्या टाकीतून टू-स्ट्रोक ऑइल देता येतं. ती पद्धतही चांगली आहे. माणसाच्या आठवणीवर काही सोडावं लागत नाही. पण ती टाकी रिकामी झालेली कॉकपिटमध्ये कळायला हवी.

प्रीमिक्समध्ये, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळण्यात, आठवणीवरच सगळं आहे. म्हणून शिस्त हवी. प्रत्येक पंखातल्या टाकीत आधी मोजलेलं ऑइल ओतायचं, मग पेट्रोल, म्हणजे वरून पडणाऱ्या धारेनंच ते मिसळतं. प्रवासात मोजमापाच्या खुणा असलेल्या बाटल्या सामानात हव्यात. दोन्ही टाक्यांच्या झाकणांपाशी ठळक पाटी लावा, कारण कधीतरी पेट्रोल दुसराच कोणी भरून देईल.

पॅनमधल्या ऑइलचं काम यानं संपत नाही, उलट ते मोकळं होऊन आपलं खरं काम करतं. रोटर आतून ऑइलच्या फवाऱ्यानं थंड होतात. पाणी आणि ऑइल मिळून इंजिनातली जी उष्णता बाहेर नेतात, तिच्यातला जवळपास एक तृतीयांश भाग या ऑइलमधून जातो. पिस्टन इंजिनाच्या सवयीनं छोटा ऑइल कूलर लावला तर टेक्सासच्या उन्हाळ्यात चढाईतच तुम्हाला थ्रॉटल मागे घ्यावा लागेल. पाण्याच्या रेडिएटरइतकंच लक्ष या कूलरला आणि त्याच्या हवेच्या वाटेला द्या. इंजिनात शिरणारं ऑइल १०० अंश सेल्सिअसच्या खालीच राहिलं पाहिजे.

इंजिन उघडलेलंच असेल तर एक भाग जरूर बघा. रोटर ज्याला फिरवतात त्या एक्सेंट्रिक शाफ्टच्या पुढच्या टोकाला उष्णतेनं फुगणारी एक छोटी गोळी असते. ऑइल थंड असेपर्यंत ती रोटरकडे जाणाऱ्या फवाऱ्यांचा दाब कमी ठेवते, म्हणजे इंजिन लवकर तापतं. ती बिघडली तर गरम इंजिनातही रोटरना पुरेसं ऑइल मिळत नाही. विमानात तिचा काही फायदा नाही, म्हणून तिच्या जागी भरीव तुकडा बसवतात. स्वस्त काम आहे, पण नंतर करायचं म्हटलं तर इंजिनाचं पुढचं टोक पुन्हा खोलावं लागतं.

पॅनमध्ये ऑइल कोणतं? अमेरिकेत आरएक्स-८ ला ५डब्ल्यू-२० सांगितलं होतं. सतत जोर लावणाऱ्या विमानाला ते पातळ वाटतं, मी २०डब्ल्यू-५० घालतो. या इंजिनात थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंच आणि ते आणखी पातळ होतं, म्हणून २५ तासांना बदला. इथे पैसे वाचवू नका.

पेट्रोलच्या बाबतीत रोटरी खूप सोशिक आहे. तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाही, आणि मिश्रण आत येण्याची बाजू जळण्याच्या बाजूपासून वेगळी, त्यामुळे टर्बो नसलेली ही इंजिनं कमी ऑक्टेनवरही चालतात. तरी माझदानं आरएक्स-८ ला प्रीमियमची शिफारस केली होती. सुरुवातीचे तास, इग्निशनची जुळवणी पक्की होईपर्यंत, त्याच्या खाली जाऊ नका. डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा एकदम स्फोट, झालं तर एपेक्स सील तडकतं, त्याला पिस्टनइतका धीर नसतो.

१००एलएलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. सीलांना त्याचा त्रास होत नाही, प्लगांना होतो. प्लग स्वस्त आहेत, एक जोड जवळ ठेवा. ऑक्सिजन सेन्सर मात्र शिशानं मरतो, म्हणून मिश्रण त्याच्या भरवशावर लावू नका. शिसं नसलेलं ९४यूएल ज्या विमानतळांवर मिळतं तिथे आनंदानं भरा, या इंजिनाला ते छान मानवतं.

इथेनॉलला माझा विरोध आहे तो इंजिनामुळे नाही. टाकीचं सीलंट, रबरी नळ्या, फायबरग्लासच्या टाक्यांचं रेझिन आणि पाणी ओढून घेण्याची त्याची सवय यांच्यामुळे आहे. तपासणी सोपी आहे. खुणा असलेल्या नळीत थोडं पाणी घ्या, वर पेट्रोल घाला, हलवा आणि थांबा. पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर त्यात इथेनॉल आहे. भारतातून कोणी हे वाचत असेल तर, आपल्याकडे पंपांवर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, तेव्हा ही तपासणी करण्याचीही गरज नाही, ते टाळाच.

पंपावरच्या पेट्रोलचा दुसरा धोका म्हणजे वाफ. अ‍ॅव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, बाष्पदाब वर्षभर ७ पीएसआयच्या आत राहतो, हिवाळ्यात विकलं जाणारं कारचं पेट्रोल १५ पर्यंत जातं. ते टाकीत राहिलं आणि मार्चमध्ये अचानक गरम दिवस आला, तर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला वाफेचे बुडबुडे धरतात. रोटरीचा एक्झॉस्ट भयंकर तापतो, काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत त्याची धग असतेच. म्हणून इंजेक्शनचे दोन्ही पंप फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) मागे, खाली, टाकीच्या शक्य तितके जवळ ठेवा. इंजेक्शनमध्ये न वापरलं गेलेलं पेट्रोल ज्या टाकीतून आलं त्याच टाकीत परत जायला हवं. नाहीतर भरलेल्या टाकीच्या व्हेंटमधून ते बाहेर सांडत राहतं आणि तुमचा हिशोब चुकतो.

अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेनं २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा उड्डाणाआधी इंधन यंत्रणेची चाचणी करून तिची नोंद ठेवण्याची शिफारस केली होती. पंपावर चालणाऱ्या यंत्रणेतून टेकऑफला लागणाऱ्या प्रवाहाच्या १२५ टक्के पेट्रोल यायला हवं. हे विमानाचं नाक चढाईच्या कोनात वर उचलून, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवून, प्रत्येक पंप वेगळा चालवून मोजा. आणि मोजताना टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोलच असू द्या, फिल्टरमधून शेवटी तेच जाणार आहे.