टेक्सासमध्ये येणाऱ्या मुलाचा अमेरिकन फुटबॉल

आपण नोकरीनिमित्त पुण्याहून डॅलसजवळ राहायला येत आहात आणि रग्बी खेळणारा आपला चौदा वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू व्हायचे म्हणतो. त्याला उत्तेजन द्यावे का, असे आपण विचारले आहे. माझा मुलगा इथल्या शाळेच्या संघातून खेळला आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. त्याला अवश्य खेळू द्यावे, मात्र पदवीचा मार्ग पहिल्या दिवसापासून शाबूत ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ असून हंगामात प्रत्येकाच्या मुख्य यादीत ५३ खेळाडू असतात. शाळा संपल्यावर तीन वर्षे उलटल्याखेरीज खेळाडू ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ ज्यात फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीसाठी, पात्र ठरत नाही, त्यामुळे बहुतेकांची वाट विद्यापीठाच्या संघातूनच जाते. २०२५ मध्ये नवख्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ८,४०,००० डॉलर होते. परंतु ते हंगामात आठवड्याच्या हिशेबाने मिळते, पूर्ण रकमेची हमी फार थोड्यांना असते, आणि ऑगस्टअखेर ९० जणांची यादी ५३ वर आणताना ज्याचे नाव गळते, त्याच्या दृष्टीने करारावरचा आकडा बहुधा कागदावरच राहतो. खेळाडूंच्या संघटनेनुसार सरासरी कारकीर्द तीन वर्षांहून थोडीच अधिक भरते, म्हणजे पंचविशीच्या आसपास दुसरा व्यवसाय शोधावा लागतो.

रग्बीचा पाया निरुपयोगी नाही. सिडनीत रग्बी लीग खेळत वाढलेल्या जॉर्डन मायलाटाला, त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नसताना, फिलाडेल्फिया ईगल्स या एनएफएल संघाने २०१८ च्या ड्राफ्टच्या सातव्या फेरीत निवडले, आणि २०२५ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघात तो होता. मात्र त्याची उंची साडेसहा फुटांहून अधिक आणि वजन दीडशे किलोंच्या वर आहे, हेही मुलाला सांगावे.

मला खरी काळजी डोक्याच्या दुखापतीची वाटते. दहावीत असताना एका टक्करीनंतर माझा मुलगा स्वतःच्या पायांनी बाहेर आला, पण ट्रेनरने, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या तज्ज्ञाने, महिन्यांची नावे उलट क्रमाने म्हणायला सांगितली तेव्हा तो सप्टेंबरपाशी अडखळला. टेक्सासच्या कायद्यानुसार असा संशय येताच खेळाडूला बाहेर काढावे लागते आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घेता येत नाही. वारंवार बसणाऱ्या आघातांशी संबंधित सीटीई या मेंदूच्या विकाराचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते. म्हणून सरावालाही प्रशिक्षित ट्रेनर हजर असतो का, हे शाळेला आधी विचारावे. सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, तेव्हा ही चौकशी भाडेकरारावर सही करण्यापूर्वीच व्हावी.

व्हिसाचा विचारही आताच करावा. आपल्यावर अवलंबून म्हणून मिळालेला मुलाचा व्हिसाचा दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो, आणि त्यापुढे त्याला बहुधा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवता येतात. परंतु विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांच्या कामावर कडक मर्यादा असल्याने ते उत्पन्न हिशेबात धरू नये आणि प्रत्येक करारापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च, विभागात खेळण्यासाठी १६ मूलभूत विषय ठरावीक गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागतात आणि नोंदी नववीपासूनच्या तपासल्या जातात. तेव्हा पुण्यातील शाळेकडून नववीची गुणपत्रिका सही-शिक्क्यानिशी निघण्यापूर्वीच घ्यावी.