रियर-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कार बर्फाच्या हिवाळ्यात रोज चालवता येते का?

येते. मी पाच हिवाळे चालवलीये. पुढे इंजिन, मागे ड्राइव्ह म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना, मॅन्युअल, कापडी छताची दोन सीटर, आणि दुसरी गाडी नव्हतीच. तुम्ही विचारलंय की डिकीत वाळूची पोती टाकून काम भागेल का, की हिवाळ्यापुरती एखादी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यावी. पोत्यांचं नंतर सांगतो, आधी टायर.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला, गाडीबरोबर आलेल्या उन्हाळी टायरवरच राहिलो, म्हटलं हळू चालवू, काय होतंय. पहिला बर्फ पडला तो जेमतेम दोन बोटं. सिग्नलला थांबलो, हिरवा झाला, पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर मागची चाकं नुसती गरगर फिरतायत आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी आडवी सरकतेय. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो ना, पाणी वाहून जायला, तो उतार एरवी जाणवतसुद्धा नाही, पण फिरणाऱ्या चाकाला आडवी पकड उरतच नाही, त्यामुळे मागची बाजू सावकाश, अगदी आरामात, फुटपाथकडे निघाली. मी आत बसून बघतोय. दोघांनी ढकललं तेव्हा निघालो, आणि त्याच आठवड्यात विंटर टायर टाकले.

कारण साधं आहे. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, फार थंडीत तर त्याला तडे जाऊ शकतात म्हणून कंपन्याच वापरू नका सांगतात. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरतात. घेताना बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का बघा, नुसत्या एम प्लस एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) या खुणेवर जाऊ नका, त्यासाठी टायरला बर्फावरची परीक्षा द्यावीच लागते असं नाही. आणि चारही घ्या. ड्राइव्ह मागे आहे म्हणून मागचे दोनच टाकणारे लोक मी बघितलेत, त्यांची गाडी मस्त निघते, पण वळायला आणि थांबायला पुढची चाकं लागतात हे पहिल्या वळणावर कळतं. जमलं तर रिम एक इंच लहान आणि टायर थोडा अरुंद घ्या, अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, फक्त ब्रेक कॅलिपरला, म्हणजे चाकाच्या आत ब्रेक दाबणाऱ्या भागाला, रिम घासत नाही ना ते आधी बसवून बघा.

आता जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हबद्दल. ती निघेल तुमच्याआधी, चढ चढेल तुमच्याआधी, पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ५० च्या स्पीडला ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर, घर्षणांक (पकडीचा आकडा) ०.८ धरला तर, १२ मीटरमध्ये थांबता. दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२५ धरा, ३९ मीटर. काचेसारख्या बर्फावर ०.१, म्हणजे ९८ मीटर, आणि यात तुम्हाला ब्रेक सुचायला लागलेला वेळ धरलेलाच नाही. गुळगुळीत टायरची फोर-व्हील-ड्राइव्ह माझ्या विंटर टायरवाल्या गाडीच्या आधी खड्ड्यात जाते, दर वर्षी एखादी दिसतेच. १९८३ ची मॉन्टे कार्लो रॅली वॉल्टर रोर्ल या रॅली ड्रायव्हरने लान्चिया ०३७ मध्ये जिंकली, ती गाडी मागच्या चाकांच्या ड्राइव्हची, आणि समोर फोर-व्हील-ड्राइव्ह ऑडी क्वाट्रो होत्या. अर्थात तुम्ही आणि मी रोर्ल नाही.

पोती. पुढे इंजिन असेल तर ४०-५० किलोने निघायला मदत होते, पण ठेवायची मागच्या ॲक्सलच्या (मागच्या दोन चाकांमधल्या दांड्याच्या) जितकी जवळ तितकी, एकदम शेवटाला ठेवलीत तर पुढचं टोक हलकं होतं आणि मागचं घसरलं की लंबकासारखं झुलतं. बांधून ठेवा. पोर्शे ९११ सारखी मागे इंजिन असलेली असेल तर विसरा, वजन आधीच चाकांवर आहे. डिफरन्शियल म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग, आणि लिमिटेड स्लिपवाला एकाच चाकाला मोकळं फिरू देत नाही; तो असेल तर चांगलं, पण एक लक्षात ठेवा, साध्या डिफरन्शियलमध्ये बहुतेक वेळा एकच चाक फिरतं आणि दुसरं गाडीला धरून असतं, इथे दोन्ही एकदम फिरतात आणि शेपूट जास्त पटकन निघते.

मला सर्वात महाग पडली असती ती चूक म्हणजे उतारावर गिअर कमी करून इंजिनने ब्रेक लावणं. इतर गाड्यांत लोक हेच शिकवतात, पण आपल्या गाडीत तो सगळा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर येतो, थर्डवरून सेकंड टाकून क्लच झटक्यात सोडला की हँडब्रेक ओढल्यासारखंच. उताराच्या आधीच गिअर टाका, क्लच अलगद सोडा. आणि शेपूट निघालीच तर मागची बाजू उजवीकडे जातेय तर स्टिअरिंगही उजवीकडे, ॲक्सिलरेटर हळू सोडा, ब्रेकला पाय नको, बघायचं जिथे जायचंय तिकडे. पहिलं झुलणं सगळेच पकडतात हो, मग स्टिअरिंग वेळेवर सरळ करत नाहीत आणि गाडी दुसऱ्या बाजूला दुप्पट जोरात येते, भिंतीत जातात ते तिथे. रिकामं पटांगण बघून, मालकाला विचारून, तासभर हे करा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक गरगर फिरायला लागलं की आवरणारी यंत्रणा) चालूच ठेवा, रुतलात तर तेवढ्यापुरतं बंद करून पुढे-मागे झुलवत काढा.

खरी अडचण ड्राइव्हची नाही, उंचीची आहे. अशा गाड्या जमिनीपासून १३-१४ सेंटीमीटर, त्याहून खोल बर्फात पोट टेकतं, चाकं हवेत लोंबल्यासारखी होतात आणि मग कुठलेही टायर असोत, गाडी जागची हलत नाही. असे दिवस माझ्याकडे वर्षातून चारपाच, त्या दिवशी मी बस पकडतो. तुमच्याकडे महिनाभर रस्ते साफच होत नसतील तर मात्र घ्याच ती जुनी गाडी.

आणि हो, दाराच्या काचेला फ्रेम नसेल तर सकाळी हँडल खसकन ओढू नका. अशा बऱ्याच गाड्यांत दार उघडताना काच आपोआप थोडी खाली सरकते, ती रबराला गोठून चिकटलेली असली की सरकत नाही, तुम्ही जोर लावता आणि रबर फाटतं. माझं फाटलंय. आता हिवाळ्याआधी रबराला सिलिकॉन लावतो, तरी चिकटलीच तर आधी तळहाताने काच बाहेरून हलकेच दाबतो, बारीक कट्ट आवाज येतो, मग उघडतो.