बालवाडीतल्या मुलीला बारीक पांढरे जंत: गोळी देऊनही महिन्याभरात परत का होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेतीन वर्षांची, बालवाडीत जाते. रात्री झोपेत शीची जागा खाजवते, किरकिर करत उठते. एकदा तिथे पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे वळवळणारे जंत दिसले. जंताची गोळी दिली, आठवड्यात आराम पडला, आणि महिना-सव्वा महिन्यानं सगळं पुन्हा सुरू. आता गोळी बदलावी, जास्त द्यावी, की गोड बंद करावं?

गोळी बदलायची बहुधा गरज नाही, मनानं डोस वाढवायचा तर मुळीच नाही. तुमच्या वर्णनावरून दोन गोष्टी राहून गेल्यात असं दिसतं: तिचा दुसरा डोस आणि घरातल्या बाकीच्यांचा डोस.

या जंताचं नाव एंटेरोबियस. मादी साधारण ८ ते १३ मिलिमीटर लांब, नर त्याहून बराच लहान. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ते राहतात. मूल झोपलं की मादी गुदद्वारातून बाहेर येते आणि आजूबाजूच्या कातडीवर हजारो अंडी घालते. म्हणून खाज रात्रीची. चार-सहा तासांत ती अंडी लागण करण्याच्या अवस्थेत येतात. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, सकाळी तोच अंगठा तोंडात. गिळलेल्या अंड्यातून अळी बाहेर पडून तिची अंडी घालणारी मादी होईपर्यंत साधारण महिना जातो. तुमच्या मुलीचा महिना-सव्वा महिन्याचा हिशोब इथे जुळतो. गोळी लागू पडली होती. नंतर पोटात गेलेल्या अंड्यांचे जंत आता मोठे झालेत.

हे जंत पोटातल्या पोटात वाढत जात नाहीत. जवळजवळ प्रत्येक जंत म्हणजे तोंडावाटे आत गेलेलं एक अंडं. म्हणून तोंडापर्यंतची वाट बंद केली की ते हटतात, आणि ती उघडी राहिली तर कितीही भारी औषध पुरत नाही.

औषधाचं सांगतो. दोन वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्यांना अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम एकदा, आणि बरोबर दोन आठवड्यांनी तेवढंच पुन्हा. गोळी मोठ्या जंतांना मारते, अंड्यांवर तिचा भरवसा नाही. पहिल्या डोसच्या वेळी जी अंडी किंवा अगदी कोवळ्या अळ्या वाचल्या, त्या दोन आठवड्यांत औषध लागू पडण्याइतक्या वाढतात, पण सहसा अजून अंडी घालू लागलेल्या नसतात. दुसरा डोस त्या फटीत बसतो. दुसऱ्याच दिवशी दिला तर वाया जातो, दीड महिन्यानं दिला तर तोवर नवी अंडी पसरलेली असतात. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, कारण खाज थांबली की हा डोस हमखास विसरला जातो. मेबेंडाझोल (१०० मिलिग्रॅम) किंवा पायरँटेल (वजनाच्या दर किलोला ११ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १ ग्रॅम) दिलं तरी दोन आठवड्यांचा नियम तोच.

लहान मुलाला अख्खी गोळी गिळायला देऊ नका, घशात अडकते. दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यातून द्या किंवा सिरप वापरा. सिरपच्या लेबलवर किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचूनच मापा. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, यकृताचा आजार असलेली व्यक्ती यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये.

बाकी सगळ्यांनी, म्हणजे बाबा, भावंडं, तिला शेजारी घेऊन झोपणारी आजी, तिच्या ताटातलं उरलेलं संपवणारी आई, यांनी खाज असो वा नसो, त्याच दिवशी डोस घ्यायचा. मोठ्यांना पुष्कळदा काहीच त्रास जाणवत नाही, पण अंडी त्यांच्याकडूनही फिरतात. एकट्या मुलीला औषध देणं हे जंत परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

अंगणवाडीत गोळी मिळते, मग हे कसं, असंही अनेक पालक विचारतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून होतो, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला. त्याचा रोख मातीतून पसरणाऱ्या जंतांवर आहे: गोल जंत, चाबूक जंत, आणि रक्त शोषून पंडुरोग आणणारा अंकुश जंत. तो डोस जरूर घ्यावा. पण सहा महिन्यांतून एकदा, एकट्या मुलाला दिलेल्या गोळीनं तुमच्या घरातला हा जंत आटोक्यात येत नाही, कारण हा मातीतून येतच नाही. तो माणसाच्या हातातून, चड्डीतून, चादरीतून येतो. कुत्र्या-मांजरांपासूनही येत नाही. तुमचा डोस आणि तो दिवस जवळपास आले तर अंगणवाडी सेविकेला आधी सांगा.

आता सकाळ. पहिल्या डोसपासून दुसऱ्या डोसनंतरच्या काही दिवसांपर्यंत मुलगी उठल्या उठल्या, दूध-बिस्किटाच्याही आधी, तिची शीची जागा आणि मांड्या साबण-पाण्यानं धुवा, शक्य असेल तर लगेच अंघोळ घाला. पाणी तांब्यानं किंवा नळानं वरून ओता. टबात बसवू नका, अंडी पाण्यात पसरतात. मग ताजी चड्डी. संध्याकाळच्या अंघोळीनं हे साधत नाही, कारण अंडी रात्री घातली जातात. रात्री अंगासरशी बसणारी चड्डी आणि वर पायजमा घाला, म्हणजे बोटं थेट कातडीला लागत नाहीत.

इथे आपली एक सवय आड येते: उठल्यावर चादर झटकणं. ही अंडी इतकी हलकी असतात की झटकल्यावर उडतात आणि खोलीभर बसतात. चादर, उशीचा अभ्रा, रात्रीचे कपडे न झटकता गुंडाळून थेट बादलीत किंवा मशीनमध्ये टाका. पहिल्या डोसच्या दिवशी सगळं अंथरूण कडक गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. गोधड्यांना चांगलं ऊन द्या. दमट, गार हवेत अंडी दोन-तीन आठवडे टिकतात, त्यामुळे पावसाळ्यात जास्त सांभाळावं लागतं. फरशी कोरड्या केरसुणीनं झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. घरभर जंतुनाशक शिंपडण्यात पैसे घालू नका, या अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. सॅनिटायझरचंही तेच, हात साबणानं चोळून, नखांखालून धुवावे लागतात. शीनंतर, जेवणाआधी, आणि तिची जागा धुतल्यावर तुमचेही. नखं अगदी बारीक कापलेली ठेवा.

गोड खाल्ल्यानं जंत होत नाहीत. दात खाण्यावरूनही निदान करू नका. वावडिंग, ओवा, पपईच्या बिया यांवर औषधाइतका भरवसा ठेवावा असा पुरावा नाही, आणि शीच्या जागी लसूण किंवा रॉकेल लावणं तर धोक्याचं आहे. खाजेला खोबरेल तेल चालेल.

बालवाडीतून तिला काढून ठेवायची गरज नाही. डोस, सकाळची धुणी आणि कापलेली नखं एवढं झालं की जाऊ द्या. बाईंना मात्र संकोच न करता सांगा. सामायिक सतरंजी, झोपायच्या चादरी आणि तोंडात जाणारी खेळणी धुतली गेली पाहिजेत, आणि बाकी पालकांना मुलाचं नाव न घेता कळवलं पाहिजे. हे जंत स्वच्छ घरांतल्या मुलांनाही होतात. लाजेपोटी गप्प बसलं की वर्गात फेरा चालूच राहतो.

दोन्ही डोस घरात सगळ्यांनी घेऊनही खाज परतली तर आधी खात्री करा. शी तपासून हा जंत बहुतेक वेळा सापडत नाही. तीन सकाळी, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या सुरकुत्यांवर दाबा आणि काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्या. दुधी रंगाची पट्टी चालत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली आरपार दिसत नाही. झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चनं पाहिलं तर जंत डोळ्यांनाही दिसतात. सापडले तर डॉक्टर दर दोन आठवड्यांनी आणखी काही डोस सगळ्या घराला देतात. तिन्ही पट्ट्यांवर काही नसेल तर पुन्हा गोळी देऊ नका. कातडीची ॲलर्जी, बुरशी किंवा जिवाणूंचा संसर्ग यांनीही तिथे अशीच खाज येते. मुलीला लघवीला जळजळ, पांढरं जाणं, शीतून रक्त, किंवा तापाबरोबर उजव्या बाजूला खाली पोट दुखणं असं काही असेल तर पट्टीची वाट न पाहता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.