मोठी मूळ संख्या तपासायची तर

अरे बाळा, चवथीच्या सुट्टीत २१४७४८३६४७ मूळ आहे का ते वहीवर तपासायला बसलास, बरं वाटलं. पण ३, ५, ७, ११ करत भागत सुटू नकोस. वर्गमूळ ४६३४० च्या वर जातं; गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी उतरेल तरी भागाकार संपणार नाहीत.

ही संख्या २ चा ३१ वा घात उणे १. तिचा मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरणार. बाकीचे सरळ सोड. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ ठरवली, तीही अशीच चाळण लावून.

दुसरी वाट लुकास-लेमर चाचणीची; ती अशा २ चा घात उणे १ संख्यांसाठीच असते. आधी १२७ वर, म्हणजे २ चा ७ वा घात उणे १ वर, हात बसव. ४ घ्यायचे, वर्ग करून २ वजा, मग १२७ ने भागून बाकी, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच: १४, ६७, ४२, १११, ०. घात ७, त्याहून दोन कमी, म्हणून पाच पायऱ्या. शेवटी शून्य, म्हणजे मूळ. एकदा म्हापशाच्या बसमध्ये मी मधेच २ वजा करायला विसरलो, पुढची चार पानं फुकट!

आणि घातांक मूळ म्हणून संख्याही मूळ, असं धरू नकोस. ११ घे: २०४७ येतात, म्हणजे २३ गुणिले ८९.