मळसूत्र नव्हे, चकली!

पाचोऱ्याचे एक विज्ञानशिक्षक विचारतात: सूर्याचं चुंबकीय क्षेत्र बाह्य सूर्यमालेत कसं बदलतं हे शिकवताना 'पार्कर स्पायरल'ला, म्हणजे सूर्यापासून वेढे घेत बाहेर पसरणाऱ्या क्षेत्ररेषांच्या आकाराला, 'पार्करचं मळसूत्र' म्हणावं का?

मुळीच नको. हे मळसूत्र व्याख्यानांतून ऐकून ऐकून कान किटले आहेत. विहिरीवरच्या मोटारीचा बोल्ट हातात घ्या. आटे एकाखाली एक उतरतात, घेर मात्र तेवढाच राहतो. सूर्याच्या क्षेत्राचा घेर वाढत जातो. 'शंखाकृती'ही चुकीचं, कारण शंखाच्या वेढ्यांमधलं अंतर वाढत जातं आणि इथे ते साधारण सारखंच राहतं.

चोपड्याकडे भुईमुगात तुषार लावलेला पाहा. प्रत्येक थेंब सरळ उडतो, पण तोटी फिरत असल्यामुळे धार वाकलेली दिसते. सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणारा विद्युतभारित कणांचा झोत, असाच सेकंदाला सुमारे ४०० किमी वेगाने सरळ सुटतो आणि क्षेत्ररेषांचं एक टोक फिरत्या सूर्यात रोवलेलं असतं. युजीन पार्कर यांनी हे १९५८ मध्ये मांडलं. पृथ्वीवरून सूर्याची फेरी सुमारे २७ दिवसांची दिसते. तेवढ्यात वारा ९३ कोटी किमी जातो, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सहापट. दोन वेढ्यांमधलं अंतर तेच. सूर्यापासून निघणाऱ्या सरळ दिशेशी ताडून पाहिलं तर पृथ्वीपाशी रेषा सुमारे ४५ अंशांनी कललेली, शनीपाशी ८४ अंशांनी, नेपच्यूनपाशी जवळजवळ आडवी. क्षेत्राचा सूर्यापासून सरळ बाहेर जाणारा घटक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, आडवा नुसत्या अंतराच्या, म्हणून दूरवर आडवाच उरतो.

सारख्या अंतराचे वेढे म्हणजे आपली चकली! हा शब्द 'चक्रा'वरून आला असं बेधडक सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चक्रावरून चाक आलं, मान्य. पण कन्नडात हाच पदार्थ 'चक्कुली' आहे. त्यातला उकार चक्रात कुठे आहे? तो आहे संस्कृत 'शष्कुली'त, आणि शष्कुली हा तळलेलाच पदार्थ. चक्रवाल्यांनी आधी या उकाराचा हिशेब द्यावा. नुसता गोल आकार पाहून व्युत्पत्ती ठरत नसते. माझ्या मते चकली ही शष्कुलीचीच लेक. आणि खरी गंमत पुढेच आहे: आयुर्वेदात बाहेरच्या कानाला 'कर्णशष्कुली' म्हणतात. सोऱ्यातून कागदावर एक चकली पाडा, शेवटचं टोक बोटाने दाबून चिकटवा आणि शेजारी बसलेल्याच्या कानाकडे बघा.