बेकन-चीज ऑम्लेट घरी केलं की बेकन वातड होतं, चीज वितळत नाही आणि घडी घालताना ऑम्लेट फाटतं. नेमकं काय चुकतंय?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की बेकनचे तुकडे पॅनमध्ये थोडे परतता, त्यावरच फेटलेली अंडी ओतता, वर चीज टाकून घडी घालता. गडबड इथेच आहे. या तिघांना लागणारी उष्णता वेगवेगळी असते. बेकनला सुरुवातीला मंद आच हवी आणि शेवटी पॅन चांगला तापलेला हवा. फेटलेलं अंडं ७०-७५ अंश सेल्सिअसच्या आसपास जमतं, त्यापुढे नुसतं कोरडं पडत जातं. चीजला तर गॅस बंद केल्यावर पॅनमध्ये उरलेली ऊबही पुरते. तिन्ही एकदम शिजवायला गेलं की एकाचं साधतं आणि दोघांचं बिघडतं. म्हणून बेकन आधी, स्वतंत्र, पूर्ण करून बाजूला काढायचं. बाकीचं त्यानंतर.

एका माणसासाठी ३ अंडी, बेकनच्या २ पट्ट्या (कच्च्या, मिळून ४०-५० ग्रॅम), २५ ग्रॅम चीज म्हणजे साधारण एक क्यूब, छोटा चमचाभर बटर आणि काळी मिरी. पॅन नॉनस्टिक, सपाट, तळाला १८-२० सेंमी. याहून मोठा पॅन घेतला तर अंड्याचा थर कागदासारखा पातळ होतो, चीज घालेपर्यंत सुकतो, आणि दुमडताना मधोमध चिरतो. तुमचं ऑम्लेट फाटतं त्याचं अर्धं कारण बहुधा हेच असेल. आपला खोलगट तवाही इथे उपयोगाचा नाही, कारण अंडं मध्ये साचतं, कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. पॅन छोट्या बर्नरवर ठेवा. मोठ्या बर्नरची ज्योत बारीक केली तरी लहान पॅनच्या कडेपर्यंत जाते.

आता बेकन. पाकीट घेताना डुकराच्या पोटाकडच्या भागाचं, म्हणजे स्ट्रीकी बेकन घ्या. त्यात चरबी आणि मांसाचे पट्टे एकाआड एक दिसतात. पाठीकडच्या भागाचं बॅक बेकन सँडविचला उत्तम, पण त्यात चरबी कमी असल्यामुळे ते कुरकुरीत न होता चिवट होतं. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. मांसापाठोपाठ लगेच पाणी लिहिलेलं असेल तर ते मिठाचं पाणी टोचून फुगवलेलं बेकन आहे. पॅनमध्ये त्याला आधी भरपूर पाणी सुटतं, पांढरा फेस येतो आणि तळण्याऐवजी ते उकडलं जातं. वापरता येतं, फक्त वेळ जास्त लागतो. मध किंवा मेपलच्या चवीचं बेकन ऑम्लेटसाठी टाळाच. त्यातली साखर चरबी सुटायच्या आतच करपते आणि पॅनला चिकटते.

आपल्याकडे बेकन बहुतेक वेळा गोठवलेलंच मिळतं. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बंद पाकीट अर्धा तास गार पाण्यात बुडवून ठेवा. गोठलेल्या पट्ट्या सुरीने उचकटल्या की चिंध्या होतात आणि त्या सारख्या शिजत नाहीत. सुटलेल्या पट्ट्या आडव्या कापून एक-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. अख्खी पट्टी घडीत घालू नका, कडक झालेली पट्टी ऑम्लेटला आतून फाडते. शिवाय चावताना सगळं बेकन एकाच घासात ओढून बाहेर येतं.

तुकडे गार पॅनमध्ये ठेवा. आधी तापवायचा नाही. दोन मोठे चमचे पाणी घाला आणि गॅस मंद-मध्यम ठेवा. पाणी विचित्र वाटेल, पण पॅनमध्ये पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या फार वर जात नाही, आणि तेवढ्यात चरबी निवांत वितळायला लागते. तापलेल्या पॅनमध्ये उलट होतं. मांसाचा भाग आक्रसून काळा पडतो आणि चरबी आत पांढरी, रबरी राहते. तुम्ही ज्याला वातड म्हणताय ते हेच. चार-पाच मिनिटांनी आवाज बदलतो. आधी खदखद असते, पाणी आटलं की बारीक चुरचुर सुरू होते. इथून पुढे ढवळत राहा. आणखी चार-पाच मिनिटांत तुकड्यांभोवती बारीक फेस जमतो, कडा तांबूस होतात आणि उलथण्याने हलवले की तुकडे पॅनवर वाजतात. तेव्हा काढा. पूर्ण कडक होईपर्यंत थांबायचं नाही. कागदावर काढल्यावर एक-दोन मिनिटांत ते आपोआप आणखी कुरकुरीत होतात. वजन कच्च्याच्या साधारण एक तृतीयांश उरतं, म्हणून ताटलीतला ढीग बघून कमी वाटलं तरी आणखी पट्ट्या टाकू नका.

सुटलेली चरबी वाटीत ओतून घ्या आणि पॅन कागदाने नीट पुसा. हे काम बरेच जण टाळतात. तळाला चिकटलेले तपकिरी कण आणि पांढरा साका तसाच राहिला तर अंडं नेमकं तिथेच धरतं आणि उलथणं घातलं की भोक पडतं. पॅनही दोन मिनिटं निवू द्या. बेकन झालं तेव्हा तो अंड्याला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो.

तेवढ्यात अंडी फेटा. काट्याने, ३०-४० वेळा, पांढऱ्याचे चिकट धागे दिसेनासे होईपर्यंत. फेस येईपर्यंत नाही. आपल्या नेहमीच्या कांदा-मिरचीच्या ऑम्लेटसाठी अंडं खूप फेटून फुगवतात आणि ते तिथे छानच लागतं, पण फेसाळलेलं अंडं चीज धरून राहत नाही आणि घडीला कोरडं पडतं. दूध घालायची गरज नाही. दुधाने अंडं पातळ होतं, जमायला वेळ लागतो आणि जमल्यावर पाणी सोडतं. मऊपणा हवाच असेल तर गार बटरचे मुगाएवढे चार-पाच तुकडे फेटलेल्या अंड्यात टाका, ते शिजताना वितळतात आणि अंडं घट्ट होऊ देत नाहीत.

मीठ? बेकनचा एक तुकडा आधी खाऊन बघा. बहुतेक वेळा मीठ लागतच नाही, कारण चीजमध्येही ते भरपूर असतं. फारच अळणी वाटलं तर एक चिमूट, तीही शिजवण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी अंड्यात. मीठ आधी घातलं तर अंड्यातली प्रथिनं एकमेकांना इतकी आवळून धरत नाहीत आणि ऑम्लेट मऊ राहतं.

चीज कोणतं, यावर वाद घालणारे खूप. माझं मत सांगतो. डब्यातला प्रोसेस्ड चीजचा क्यूब या कामाला वाईट मुळीच नाही. त्यात मिसळलेल्या क्षारांमुळे चरबी आणि प्रथिनं धरून राहतात, त्यामुळे ते तेल न सोडता एकसारखं वितळतं. चव मात्र खारट आणि एकसुरी. चेडर मिळालं तर तेच घ्या. धुरावलेल्या बेकनसमोर टिकेल अशी आंबटसर, तिखट चव त्यालाच असते. फक्त ते जास्त तापलं की फुटतं आणि वर तेलाचे थेंब तरंगतात. गौडाही चालेल. मोझरेला पिझ्झासाठी ठेवा. तार सुंदर निघते, पण चवीला फिकं आणि ताजं असेल तर पाणी सोडणारं. पाकिटातलं किसलेलं चीज चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा तत्सम भुकटी लावलेली असते, त्यामुळे ते सावकाश आणि थोडं रवाळ वितळतं. घरीच बारीक किसणीवर किसा आणि बेकन होईपर्यंत बाहेर ठेवा. फ्रिजमधून थेट काढलेले जाड तुकडे ऑम्लेटच्या उरलेल्या उबेवर कधीच वितळणार नाहीत. तुमच्या ऑम्लेटमध्ये चीज 'तसंच' राहतं ते बहुधा यामुळेच.

पॅन मध्यमपेक्षा थोड्या कमी आचेवर ठेवा. छोटा चमचाभर बटर आणि वाटीतली अर्धा चमचा बेकनची चरबी घाला. नुसती चरबी वापरली तर खारट आणि जड लागतं. बटरचा फेस बसला की अंड्याचा एक थेंब टाकून बघा. तो हळूच पांढरा झाला पाहिजे. चर्र आवाज आला तर पॅन जास्त तापलाय, उचलून अर्धा मिनिट बाजूला धरा.

अंडी एकदम ओता आणि दहा सेकंद हात लावू नका. मग सिलिकॉनच्या उलथण्याने कडेचं जमलेलं अंडं मध्याकडे ओढा आणि पॅन कलता करून वरचं पातळ अंडं मोकळ्या जागेत जाऊ द्या. चारही बाजूंनी असं केलं की मिनिटभरात पातळ अंडं वाहायचं थांबतं, पण वरचा थर ओला, चकचकीत असतो. चीज घालायची वेळ हीच. वरचा थर मॅट आणि कोरडा दिसला म्हणजे उशीर झालाच. अशा ऑम्लेटची घडी चिकटत नाही आणि चीज आत सुटं राहतं.

अर्ध्या भागावर निम्मं चीज पसरा, त्यावर बेकन, वर उरलेलं चीज. बेकन दोन्ही बाजूंनी चीजमध्ये धरलं गेलं की कापताना सांडत नाही आणि अंड्याच्या ओलाव्याने लगेच मऊही पडत नाही. कडेला बोटभर जागा सोडा. मिरी आत्ता घाला. गॅस बंद करा आणि झाकण ठेवून ३०-४० सेकंद थांबा. मग रिकामा अर्धा भाग उचलून भरलेल्या भागावर दुमडा, पॅन ताटलीच्या काठाला टेकवा आणि ऑम्लेट सरकवून बाहेर काढा. झाकणाखाली मिनिटाच्या पुढे ठेवू नका. वाफेचं पाणी परत ऑम्लेटवर पडतं.

ही अमेरिकेतल्या डायनरची, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळींची, अर्धचंद्र घडीची पद्धत झाली. फ्रेंच पद्धतीच्या गुंडाळलेल्या ऑम्लेटमध्ये बेकन घालू नका, कडक तुकडे त्या नाजूक थरातून टोचून बाहेर येतात.

वरच्या पद्धतीत आतला भाग किंचित ओलसर राहतो. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं खाणार असतील तर तसं देऊ नका. घडी घातल्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू मिनिट-मिनिटभर होऊ द्या, आतलं अंडं पूर्ण घट्ट झालं पाहिजे. ऑम्लेट थोडं कोरडं होईल, पण चीजमुळे ते फारसं जाणवत नाही.

भाज्या घालायच्या असतील तर आधी परतून, पाणी पूर्ण आटवून. कच्चा टोमॅटो घातलाच तर बिया काढून. पण तीन अंड्यांत सगळं मिळून सारण ६० ग्रॅमच्या वर गेलं की घडी टिकत नाही. कांदा, सिमला मिरची, मशरूम असं सगळंच हवं असेल तर घडीचा हट्ट सोडा आणि सरळ उघडं ऑम्लेट करा.

चार-पाच माणसांसाठी आठ-दहा अंड्यांचं एकच ऑम्लेट करायच्या फंदात पडू नका, मध्ये कच्चं आणि खाली करपलेलं होतं. बेकन मात्र एकदम करता येतं. ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर, फॉइल लावलेल्या ट्रेत पट्ट्या एकमेकींवर न येता पसरून, १५ ते १८ मिनिटं. बारा मिनिटांनंतर लक्ष ठेवा, शेवटच्या दोन मिनिटांत ते झपाट्याने काळं पडतं. मग प्रत्येकाचं ऑम्लेट वेगळं, तीन-तीन मिनिटांत.

चिकन बेकन वापरणार असाल तर पद्धत बदलते. ते लगदा दाबून बनवलेलं असतं आणि त्यात सुटण्याइतकी चरबी नसते. पाणी घालू नका. छोटा चमचाभर तेलात मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं परता आणि खऱ्या बेकनइतक्या कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नका.

उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये आठवड्यापेक्षा जास्त ठेवायचं नाही. उरलेल्या पट्ट्यांमध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये टाका, म्हणजे पुढच्या वेळी दोनच सुट्या निघतात. वाटीतली चरबी सिंकमध्ये ओतू नका, पाइपात थिजून तुंबते. गाळून फ्रिजमध्ये ठेवली तर उकडलेले बटाटे परतायला फार चांगली.

आणि गोव्यात असाल, किंवा तिकडून कोणी चोरीस (डुकराच्या मांसाचं तिथलं मसालेदार सॉसेज) आणलं असेल, तर बेकनऐवजी तेच घाला. ५०-६० ग्रॅम पुरतं. वरचं आवरण काढून मांस हाताने सुटं करा, तेल न घालता गार पॅनमध्ये मंद आचेवर ठेवा आणि व्हिनेगरचा उग्र वास जाऊन लाल चरबी वेगळी होईपर्यंत परता. त्यातली निम्मी तरी चरबी काढून टाका, नाहीतर अंडं तेलकट होतं. त्यात मीठ, मिरची, व्हिनेगर सगळंच असतं, म्हणून अंड्यात मीठ-मिरी काही घालायचं नाही. चीजही चेडरऐवजी सौम्य घ्या, कारण दोन आंबट चवी एकत्र बऱ्या लागत नाहीत. सोबत टोस्टपेक्षा पाव बरा.