फ्रेशर घेताना आम्ही टेबलावर मायक्रोमीटर का ठेवतो

तू विचारलंयस की मेकॅनिकल बीई होऊन सहा महिने झाले, सीजीपीए 6.8, पाच इंटरव्ह्यू झाले आणि सगळीकडून "कळवतो", तर कंपनीवाले फ्रेशरमधे बघतात तरी काय आणि कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा, अजून एक कोर्स लावू का. मी भोसरीत एका मशिनिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे, 18 वर्षं झाली, दरवर्षी पंधरावीस पोरं समोर बसतात. आयटीचं मला विचारू नकोस, तिकडचा कारभार वेगळा.

मार्क चाळणीपुरते. एकदा आत आलास की मार्कशीट परत कोणी उघडत नाही.

आमच्याकडे टेबलावर एक पिन, तिचं ड्रॉइंग आणि 0-25 मिमीचा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, असतो. ड्रॉइंगवर 20 जी6, म्हणजे पिन 19.980 ते 19.993 मिमीमधे पाहिजे, टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालतो त्याचा, चार्ट समोरच चिकटवलाय त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच नाही. बहुतेक पोरं मायक्रोमीटर उचलतात, रॅचेट, म्हणजे ठरावीक दाबाला घसरणारी मागची घुंडी, सोडून थिंबलच (फिरणारी नळी) पिळतात नळ बंद केल्यासारखं, 19.99 वाचतात आणि "ओके आहे सर". आता तो मायक्रोमीटर आम्ही मुद्दाम बिघडवून ठेवलेला असतो, 0.02 जास्त दाखवतो. आधी मायक्रोमीटरची तोंडं मिटवून झिरो येतो का बघितलं असतं तर कळलं असतं की पिन 19.97 आहे, सरळ रिजेक्ट.

मागच्या वर्षी एक पोरगा आला, इंग्लिश यथातथाच, त्याने आधी रुमालाने दोन्ही तोंडं पुसली, झिरो बघितला, म्हणाला सर हा जास्त दाखवतोय, मग पिन मोजली आणि घाबरत घाबरत विचारलं की एवढ्याशा टॉलरन्सला 0.01 लीस्ट काउंटचा, म्हणजे 0.01 पेक्षा बारीक न मोजणारा, चालतो का, 0.001 चा लागेल ना? आमचे प्लँट हेड माझ्याकडे बघून हसायला लागले, कारण हाच प्रश्न एकदा ऑडिटरने मला विचारला होता आणि माझी बोलती बंद झाली होती. पोरगा त्याच दिवशी फायनल.

ही परीक्षा मी का घेतो ते सांगतो. माझी पहिली नोकरी, सेकंड शिफ्ट, दर तासाला पाच जॉब, म्हणजे मशिनवर झालेले पार्ट, मोजून रिपोर्टमधे लिहायचे. एक दिवस गप्पांत तास निघून गेला आणि मी मागची रिडिंग बघून थोडी इकडेतिकडे करून भरली. टूलचा इन्सर्ट, म्हणजे कापणारा तुकडा, झिजला होता, शाफ्ट मोठे निघत होते, आख्खा लॉट परत आला आणि दोन रात्री कस्टमरच्या गोडाऊनमधे बसून एकेक पीस मोजला. तेव्हापासून समोरचा पोरगा न मोजता आकडा लिहील का, एवढंच मी बघतो. बाकीचं सहा महिन्यात शिकवता येतं.

म्हणून प्रोजेक्टवर आम्ही खोदून विचारतो. यातला कुठला पार्ट तू स्वतः केलास? "वेल्डिंग बाहेरून करून घेतलं, मी मटेरियल आणलं आणि फिटिंग केलं" हे उत्तर चालतं रे. मटेरियल ग्रेड विचारल्यावर छताकडे बघितलं की समजतं, प्रोजेक्ट रेडिमेड आणलाय. "माहीत नाही सर" म्हटल्याने कोणी बाहेर काढत नाही, फेकाफेकी केली की मात्र काढतात.

राहतोस कुठे, फर्स्ट शिफ्टला सातला पोचशील का, हेही विचारतात, पर्सनल समजू नकोस. पोरगा तीन महिन्यात पळाला की सुपरवायझरची मेहनत वाया जाते ना.

कोर्स नको. त्यापेक्षा नॅट्सच्या (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) पोर्टलवर नाव घाल, 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालची ही स्कीम आहे, एक वर्षाची, ठरलेल्या किमान स्टायपेंडचा अर्धा भाग सरकार देतं त्यामुळे छोट्या कंपन्याही घेतात. पर्मनंट करतीलच असं नाही, पण वर्षभर हातात ड्रॉइंग राहतं. आणि नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा कन्सल्टंट भेटला तर उठून निघून ये.

रिझ्युमे मेल करून वाट बघत बसू नकोस, छोट्या कंपन्यांत गेटवर नेऊन दिला तर अजूनही बघतात. फक्त गुरुवारी येऊ नकोस, भोसरी-चाकणला त्या दिवशी एमआयडीसीची सुट्टी असते, मागच्याच आठवड्यात एक पोरगा सांगलीहून रात्रीच्या गाडीने आला आणि वॉचमनकडे कागद देऊन परत गेला.